मोबाईलमधला निबंध आणि वहीतलं गाव

माणदेशातल्या एका माध्यमिक शाळेत मी बरीच वर्षं मराठी शिकवते. नोकरीला लागले तेव्हा मुलं गाईडमधून निबंध उतरवत. २०१६ साली जिओ आलं आणि स्वस्त इंटरनेट वाड्यावस्त्यांवर पोचलं. २०२०च्या मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, अभ्यासासाठी म्हणून घरातला मोबाईल मुलांच्या हातात आला आणि शाळा उघडल्यावरही तो तिथेच राहिला. आता ‘माझी आई’पासून ‘जलप्रदूषण’पर्यंत कुठल्याही विषयावर तयार मराठी निबंध मिळतो. इतिहास, भूगोल, विज्ञान, पर्यावरण यांचे प्रकल्पही प्रस्तावनेपासून निष्कर्षापर्यंत तयार मिळतात. वह्या तपासताना, पालकांशी बोलताना, स्टाफरूममध्ये इतर विषयांच्या शिक्षकांशी वाद घालताना या तयार लिखाणाबद्दल मला जे समजत गेलं, ते इथे लिहिते आहे.

१. उतरवून काढण्याचं मूळ आपण दिलेल्या विषयात असतं.

‘माझा आवडता ऋतू’, ‘वृक्षाचे मनोगत’, ‘परीक्षा नसत्या तर’. हे विषय मी शाळेत होते तेव्हा होते, माझ्या आईच्या वेळीही होते. ज्या घरात गाईड घेण्याची ऐपत नव्हती तिथे थोरल्या बहिणीची वही जपून ठेवली जायची आणि धाकटीला मिळायची. पिढ्यानपिढ्या तोच प्रश्न विचारला, तर त्याचं उत्तर कुठेतरी साठत जाणारच. पूर्वी ते वहीत साठायचं, आता इंटरनेटवर साठतं. म्हणून मोबाईलवर राग काढण्यात मला अर्थ दिसत नाही. बंदी घातली की मुलं शेजारच्या दादाच्या मोबाईलवरून निबंध मिळवतात, आणि मग आपल्याला विचारायचं मात्र बंद करतात. हे दुसरं नुकसान मोठं आहे.

२. विषयात आपल्या गावाचं नाव आलं की तयार निबंध पुरत नाही.

आमच्या एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माण तालुक्यात ५००च्या आसपास. इंटरनेटवरचा ‘पावसाळ्यातील एक दिवस’ बहुधा पहिल्या तऱ्हेच्या पावसात घडतो. त्यात नद्या दुथडी भरून वाहतात, भाताची लावणी चालते, मुलं कागदी होड्या सोडतात. आमची माणगंगा याच तालुक्यात उगम पावते, पुढे सोलापूर जिल्ह्यात भीमेला मिळते, आणि वर्षातले कितीतरी महिने तिच्या पात्रात वाळू आणि वेड्या बाभळी यांशिवाय काही नसतं. तिच्या काठावर राहणारा मुलगा वहीत भातलावणी लिहितो तेव्हा मला वाईट वाटतं. चोरी केली म्हणून नव्हे. आपला पाऊस निबंधात लिहिण्याच्या लायकीचा नाही, असं त्याने मनात धरलेलं असतं म्हणून.

मी विषय बदलून दिला: ‘आमच्या शिवारात परतीच्या पावसाची वाट’. आमच्याकडे जून कोरडा जातो आणि खरी आशा सप्टेंबर-ऑक्टोबरवर असते, हे इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. वह्या आल्या त्यांत शुद्धलेखनाच्या चुका होत्या, वाक्यं अर्धवट होती, पण बाजरीची पेरणी दोनदा मोडली ते होतं, टँकर आल्यावर घागरी कुणी आधी लावायच्या यावरून झालेलं भांडण होतं, डाळिंबाची बाग वाचवायला चुलत्याने पाणी विकत घेतलं ते होतं. आणि मोबाईल तेव्हाही उघडला गेलाच. मोसमी वारे परत कसे फिरतात, आपण ज्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात राहतो ती नेमकी कशामुळे पडते, हे मुलांनी त्यावरच शोधलं. त्या साधनाचा हा उपयोग मला मनापासून मान्य आहे.

३. तयार निबंध कोणाच्या घरात घडतो, हे मुलाला ओळखता आलं पाहिजे.

‘माझे बाबा’ या निबंधातले बाबा सकाळी ऑफिसला जातात, संध्याकाळी खाऊ आणतात, रविवारी बागेत नेतात. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील गलाईच्या धंद्यात आहेत. माण, आटपाडी, खानापूर या भागातली माणसं सोनं-चांदी गाळण्याचं हे काम घेऊन देशभरातल्या शहरांत पसरली आहेत. मुलाला वडील भेटतात ते यात्रेला आणि लग्नकार्याला. एका मुलाने ऑफिसवाले बाबा जसेच्या तसे उतरवले होते. मी त्याला एवढंच विचारलं, “तुझे बाबा फोन कधी करतात?” तो म्हणाला, “रातच्याला, भट्टी बंद झाल्यावर.” मी म्हटलं, “हेच लिही.” त्याने दोन पानं लिहिली. भट्टीच्या धगीने वडिलांच्या हाताला पडलेले डाग, फोनवर आधी आईशी आणि मग आपल्याशी होणारं बोलणं, यात्रेला आल्यावर पहिल्या दिवशी वडिलांसमोर वाटणारा संकोच. तो संकोच मी कुठल्याही निबंधसंग्रहात वाचलेला नाही.

‘उन्हाळ्याची सुट्टी’चंही असंच. संग्रहातला मुलगा मामाच्या गावी आमराईत असतो. २०१२-१३च्या दुष्काळात आमच्या भागातली घरंच्या घरं जनावरांसोबत चारा छावणीत राहायला गेली होती. त्या काळात लहान असलेल्या मुलांनी छावणीतल्या रात्री, गोठ्याशेजारी अंथरलेल्या वाकळा, कंदिलाच्या उजेडातला अभ्यास हे पुढे वर्गात सांगितलं, पण लिहायची वेळ आली की आमराईच लिहिली. आता मी प्रत्येक वर्गाला एक काम आधी देते. तयार निबंध मोठ्याने वाचायचा आणि त्यात जे आपल्या घरी नाही त्याखाली रेघ मारायची. रेघांनी पान भरतं. मग त्या प्रत्येक रेघेच्या जागी आपल्या घरी काय आहे, ते लिहायचं. लिहायला काहीच सुचत नाही अशी तक्रार असलेल्या मुलांना याचा सर्वांत जास्त उपयोग झालेला मी पाहिला आहे.

व्यंकटेश माडगूळकरांनी याच मातीतली माणसं घेऊन ‘माणदेशी माणसं’ आणि ‘बनगरवाडी’ लिहिली, हे मी मुलांना दरवर्षी सांगते. आपल्याच भागातला एक माणूस आपल्याच धनगरांबद्दल आणि मेंढरांबद्दल लिहून मराठीतला मोठा लेखक झाला, हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जो विश्वास येतो, त्यासाठी मी हा विषय कितीही वेळा सांगायला तयार आहे.

४. पाठ केलेला निबंध परीक्षेतही फार दूर नेत नाही.

२०१८पासून दहावीची पुस्तकं बदलली आणि भाषेच्या पेपरला कृतिपत्रिकेचं रूप आलं. प्रसंगलेखनात एखाद्या कार्यक्रमाची माहिती दिलेली असते आणि तुम्ही तिथे हजर होतात असं समजून लिहायचं असतं. ‘वृक्षारोपण’ या नावाचा पाठ निबंध तिथे उतरवला की दिलेली तारीख, स्थळ, पाहुणे सगळं बाहेर राहतं. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला ते पहिल्या चार ओळींत कळतं. पालकांना ही गोष्ट गुणांच्या भाषेत सांगितली की लवकर पटते, म्हणून मी तशीच सांगते.

५. विज्ञानाच्या वहीत तयार उत्तर सर्वांत घातक.

हा अनुभव आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांचा, पण मी तो जवळून पाहिला. पाणी उकळताना तापमापीचं वाचन घ्यायचं होतं. पारा शंभरापर्यंत पोचला नाही, त्याच्या थोडा खाली स्थिर झाला. तरीही जवळजवळ सगळ्या वह्यांत निरीक्षण आलं: १०० अंश सेल्सिअस. मुलांनी आदल्या रात्रीच मोबाईलवरून प्रयोग लिहून आणला होता, निरीक्षणासकट. सरांनी रागावण्याऐवजी पुन्हा पाणी ठेवलं आणि प्रत्येकाला पारा बघायला लावला. समुद्रसपाटीपासून वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो आणि साधारण दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. आमचं गाव पठारावर आहे. तापमापी बरोबर होती, चूक वहीत होती. महाबळेश्वरला तर पाणी ९६ अंशांच्याही खाली उकळतं, हे ऐकल्यावर एका मुलीने विचारलं, “मग तिथं डाळ शिजायला जास्त वेळ लागत असणार?” लागतो. हा प्रश्न तयार प्रयोग उतरवणाऱ्या वहीतून कधीच निघाला नसता. निबंधात दुसऱ्याचं वाक्य आलं तर भाषा उसनी होते. विज्ञानात दुसऱ्याचं निरीक्षण आलं तर मूल स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवायला शिकतं.

६. छापील सर्वेक्षण म्हणजे खोटी साक्ष.

पर्यावरणाच्या प्रकल्पाची एक ठरलेली मांडणी असते: प्रस्तावना, उद्दिष्टे, कार्यपद्धती, निरीक्षणे, विश्लेषण, निष्कर्ष, संदर्भ. इंटरनेटवर या सगळ्या मथळ्यांखाली मजकूर भरलेला तयार प्रकल्प मिळतो. तालुक्याच्या गावी दुकानात जाऊन प्रिंट मारली, वर रंगीत मुखपृष्ठ लावलं, की काम झालं. त्यात कुटुंबांचं सर्वेक्षणही असतं. अमुक इतक्या कुटुंबांनी कचरा वेगळा केला, अमुक इतकी उघड्यावर टाकतात, त्याचे आलेख. ती कुटुंबं कुठली, कुणी विचारलं, कधी विचारलं, काही पत्ता नसतो. मूल त्याखाली आपलं नाव लिहून सही करतं.

मला या गोष्टीचा इतर सगळ्यांपेक्षा जास्त त्रास होतो, आणि मी याबाबत कडक आहे. वाक्यं उसनी घेणं हा आळस आहे. न भेटलेल्या माणसांची उत्तरं आपण मिळवली म्हणून सांगणं ही वेगळी गोष्ट आहे. हेच मूल उद्या ग्रामपंचायतीत, साखर कारखान्यात, दवाखान्यात नोंदी ठेवणार आहे. आज शाळेने त्याला खोटे आकडे लिहून गुण मिळवू दिले, तर उद्याच्या नोंदी खऱ्या असतील ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

दुःख याचं जास्त की विचारायला माणसं शेजारीच होती. जलसंधारणावरच्या एका प्रकल्पात मुलाने परदेशातल्या ठिबक सिंचनाची पानंच्या पानं जोडली होती. गावांच्या जलसंधारण कामांसाठीच्या २०१८च्या वॉटर कप स्पर्धेत आमच्या माण तालुक्यातलं टाकेवाडी राज्यात पहिलं आलं. इथल्या गावागावांतल्या माणसांनी त्या उन्हाळ्यात माळावर सलग समतल चर खणले, बांध घातले. त्या मुलाच्या स्वतःच्या भावकीतल्या लोकांनी श्रमदान केलं होतं. त्याला मी पाच घरी पाठवलं, कागद-पेन देऊन. चराची खोली किती ठेवली, उतारावर रेषा कशी आखली, नंतर विहिरीला किती फरक पडला, आणि आता कुणी चरांतला गाळ काढतं का? शेवटच्या प्रश्नाला सगळ्यांनी नाही म्हटलं. तो मुलगा परत आला तेव्हा त्याच्याकडे पहिल्यांदाच खराखुरा निष्कर्ष होता: खोदलेलं टिकवण्याची सोय गावाने केलेली नाही. पाचच घरं होती, पण खरी होती.

७. दोन ठिकाणी दोन तारखा सापडल्या तर तो दिवस चांगला.

एका मुलीच्या वहीत शिवाजी महाराजांचा जन्म एका पानावर १६२७ चा होता आणि चार पानांनंतर १६३० चा. दोन निबंधांतून तुकडे जोडले होते. तिचे वडील म्हणाले, “मॅडम, मोबाईलवर आलंय म्हंजी बरोबरच असंल की.” मी त्यांनाही बसवून घेतलं. १६२७ हे साल जुन्या पुस्तकांतून चालत आलेलं आहे. जेधे शकावलीतल्या नोंदीवरून फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख पुढे आली आणि राज्य शासन आज हीच तारीख धरून जयंती साजरी करतं. म्हणजे १६२७ लिहिणाऱ्याने ते साल मनाने घातलेलं नव्हतं, जुन्या आधारावर लिहिलं होतं. इतिहासात माणसं कागद शोधतात, ताडून पाहतात, मत बदलतात, हे त्या मुलीला एका विसंगतीमुळे समजलं. आता मी मुलांना मुद्दामच एका विषयावरचे तीन निबंध वाचायला सांगते आणि त्यांत कुठे जुळत नाही ते शोधायला लावते.

८. वैचारिक निबंधात बाजू घ्यायला लावावी.

‘मोबाईल शाप की वरदान’ हा निबंध सगळीकडे एकाच जागी संपतो: वापरणाऱ्यावर अवलंबून. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४पासून ‘निबंधमाला’ चालवली, गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ सुरू केला. दोघांची मतं परस्परांपासून किती दूर होती, पण दोघेही बाजू घेऊन लिहीत. मराठी निबंध त्या धगीत घडला आहे. मी विषय असा देते: ‘शाळेत मोबाईल आणू द्यावा, या मताच्या बाजूने किंवा विरुद्ध लिहा. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं चालणार नाही.’

९. सगळ्या विषयांचे प्रकल्प एकाच पंधरवड्यात मागू नयेत.

२०१०पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. हेतू चांगला होता: मुलाने नुसतं घोकू नये, करून पाहावं. पण प्रत्येक विषयाचा प्रकल्प, उपक्रम, स्वाध्याय सत्राच्या शेवटी एकदमच गोळा होतो. घरी शेळ्या राखणाऱ्या, भावंडं सांभाळणाऱ्या मुलीने सात-आठ विषयांचं हे काम एवढ्या दिवसांत करायचं म्हटलं, तर तिने प्रिंट मारण्यावाचून दुसरं काय करावं? आणि एवढी पानं एकदम आल्यावर निवडणूक, जनगणना, याद्या यांत अडकलेल्या शिक्षकाने तरी ती कधी वाचावीत?

आम्ही काही जणांनी एकत्र बसून एकच प्रकल्प चार विषयांत वाटून घेतला: १९७२चा दुष्काळ. मुलांनी घरातल्या वृद्ध माणसांना विचारायचं. आजीने सांगितलं की खडी फोडायला जायचो, कामावर सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो यायची आणि तिची भाकरी गळ्याखाली उतरत नसे. हे मराठीत लिहायचं, आजीच्या बोलीसकट. त्या काळात कामं मागणाऱ्या लोकांमुळे पुढे रोजगार हमीचा कायदा आला, ते इतिहास-नागरिकशास्त्रात. पावसाच्या आकड्यांचा स्तंभालेख गणितात, पाझर तलाव भूगोलात. ‘दुष्काळ एक समस्या’ हा निबंध मुलांनी त्याआधी वाचला होता आणि तो उपयोगीही पडला. कोणते प्रश्न विचारायचे हे त्यातून सुचलं.

१०. चांगलं वाचायला कुठे मिळेल, हे आपणच सांगायला हवं.

माझ्या वर्गातली बरीच मुलं घरातली पहिलीच दहावीला बसणारी असतात. त्यांच्या घरी पुस्तकं नसतात. नीट बांधलेला परिच्छेद कसा दिसतो, हे त्यांना तयार निबंधातूनच पहिल्यांदा कळतं, आणि ते मी कमी लेखत नाही. फक्त त्याहून चांगलंही फुकट मिळतं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतं, त्याचे जुने अंक इंटरनेटवर वाचता येतात. मराठी विश्वकोशाचे खंड वाचता येतात. बालभारतीची पाठ्यपुस्तकं उतरवून घेता येतात. मुलं शोधताना जे वर दिसेल ते उघडतात, आणि वर दिसतं ते बहुतेक वेळा सर्वांत घाईने लिहिलेलं असतं. वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर मी दर आठवड्याला ‘किशोर’मधला एखादा लेख टाकते. सगळे वाचत नाहीत. जे वाचतात त्यांच्या वहीत तो दिसतो.

११. वहीच्या तळाशी ‘कुठून घेतलं’ ही ओळ हवी.

ती लिहायची मुभा दिली की लपवाछपवी थांबते. मी त्यासाठी गुण कापत नाही, एक गुण जास्त देते. आता चॅटजीपीटीसारखी यंत्रं विचाराल त्या विषयावर नवाकोरा निबंध लिहून देतात, तो कुठल्या संग्रहात सापडतही नाही. तिथेही हीच ओळ लागू: यंत्राला काय विचारलं ते लिही, त्याने काय सांगितलं ते लिही, आणि त्यातलं काय आपल्याकडे लागू नाही तेही लिही.

शिक्षक मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे. पुढच्या सत्राचे विषय फळ्यावर लिहिण्याआधी प्रत्येक विषय मोबाईलवर टाकून पाहा. तयार उत्तर समोर आलं, तर त्या विषयात आपल्या गावाचं, नदीचं, बाजाराचं, पिकाचं नाव घाला आणि मगच तो मुलांना द्या. पालकांनो, तुम्हाला लिहिता येत असो वा नसो, मुलाने लिहिलेला निबंध त्याला आठवड्यातून एकदा मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, आणि त्यात आपलं घर कुठे आहे ते विचारा.